ईआरपी जोडणीच्या प्रोजेक्टमध्ये चाचणी कुठे कमी पडते?

पिंपळपान (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:४०

मी पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे. कामाचा मोठा भाग ईआरपीला (कंपनीचा साठा, विक्री, हिशेब एकत्र सांभाळणारी सिस्टिम) बाहेरच्या सिस्टिम जोडण्यात गेला आहे: गोदाम, बँक, ग्राहकाचे सप्लायर पोर्टल, जीएसटीचे ई-इन्व्हॉइस पोर्टल. या प्रोजेक्टांत एकच चित्र इतक्यांदा पाहिले आहे की त्यावर नीट चर्चा व्हावी असे वाटते. ईआरपीवाल्यांच्या टेस्ट केस पास, गोदामवाल्यांच्या पास, मिडलवेअरवाल्यांच्याही (दोन सिस्टिममधला दुवा सांभाळणारे) पास. आणि गो-लाइव्हच्या (जोडणी प्रत्यक्ष सुरू झाल्याच्या) पहिल्याच आठवड्यात माल पॅक होऊन पडलेला असतो, पण इन्व्हॉइस निघत नाही.

चाकणचा वाहनांच्या सुट्या भागांचा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. ग्राहकाचे डिलिव्हरी शेड्यूल ईडीआयने (कंपन्यांमधली ठरावीक साच्यातली संगणकीय देवाणघेवाण) येते. ईआरपीत ऑर्डर लागते, गोदामाच्या सिस्टिमला पिकिंगचा निरोप जातो, स्कॅनर मारून माल उचलला जातो, प्रत्यक्ष उचललेली संख्या परत ईआरपीत येते. त्यावर इन्व्हॉइस बनते, ते सरकारच्या आयआरपी (ई-इन्व्हॉइस नोंदणी) पोर्टलला जाते, तिथून ६४ अक्षरी आयआरएन (इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) आणि सही केलेला क्यूआर कोड येतो. मग ई-वे बिल (माल वाहतुकीची सरकारी नोंद), मग ट्रक सुटतो, आणि सुटतानाच ग्राहकाला एएसएन (माल येत असल्याची आगाऊ सूचना) गेलेले असावे लागते.

आता ऑर्डर १०० नगांची आहे आणि रॅकवर ९६ च निघाले. पुढच्या प्रत्येक टप्प्याने ९६ धरले का? इन्व्हॉइस ९६ चे, एएसएन मात्र १०० चे, असे झाले तर ग्राहकाच्या गेटवर माल अडतो. ही केस कुणाच्याच टेस्ट प्लॅनमध्ये नसते. ईआरपीची टीम सांगते, आम्ही १०० चा निरोप बरोबर पाठवला. गोदामाची टीम सांगते, शॉर्ट पिक आमच्याकडे व्यवस्थित चालते. दोघेही खरेच बोलत असतात.

सॅप ही ईआरपी वापरणाऱ्यांना हे लगेच पटेल. बाहेर जाणाऱ्या आयडॉकला (सॅपचा ठरावीक साच्यातला निरोप) ०३ स्टेटस लागला की पाठवणारा टीक मारून मोकळा होतो. ०३ म्हणजे फक्त पोर्टपर्यंत पोचले. पलीकडेही सॅप असेल तर तेच आयडॉक तिथे ५१ मध्ये पडलेले असू शकते, म्हणजे नोंद झालेलीच नाही. ५३ (नोंद झाली) दिसेपर्यंत काम झालेले नसते, पण ५३ पाहायची जबाबदारी कुणाची हे कुठेच लिहिलेले नसते.

माझे म्हणणे असे, की जोडणीच्या प्रोजेक्टमध्ये टेस्ट केस व्यवहारानुसार लिहाव्यात. ऑर्डर येण्यापासून पैसे बँकेत जमा होऊन खात्यात वळते होईपर्यंत एक केस. तिचा अपेक्षित निकाल सगळ्या सिस्टिममधला लिहायचा: स्टॉक किती उरला, येणे किती दाखवते, कर किती, ग्राहकाच्या पोर्टलवर काय दिसते. सगळे जुळले तरच पास. आणि अशा प्रत्येक केसला एक नाव असलेला मालक हवा, जो कुठल्याही एका सिस्टिमच्या टीमचा नाही.

तुमच्याकडे हे कसे करतात? आयटीबाहेरच्या लोकांनीही लिहावे. खरे तर त्यांनीच जास्त लिहावे.

---

तिसरी_पाळी | सोमवार, रात्री ११:१५

ताई, मी डिस्पॅचला आहे, तुम्ही लिहिलाय तसल्याच कारखान्यात. आमच्याकडचे सांगतो.

इन्व्हॉइस आयआरपीला पाठवले आणि नेट गेले. पोर्टलने आयआरएन तयार केला होता, पण उत्तर आमच्यापर्यंत आले नाही. सिस्टिमने तेच इन्व्हॉइस पुन्हा पाठवले. पोर्टल म्हणाले, एरर २१५०, हा आयआरएन आधीच आहे. आमच्या सिस्टिमने एरर म्हटल्यावर इन्व्हॉइस लाल करून ठेवले. ट्रक उभा. ग्राहकाची लाइन आमच्या मालावर चालते, तिथून फोनवर फोन. शेवटी कुणीतरी इन्व्हॉइस कॅन्सल करून नव्या नंबरने काढायचे ठरवले. आता जुना आयआरएन सरकारदरबारी जिवंत, नवाही जिवंत, आणि माल एकच.

टेस्टिंगवाले आले होते तेव्हा त्यांनी आमच्यासमोर इन्व्हॉइस काढले, क्यूआर आला, सगळे खूश. नेट गेल्यावर काय होते ते कुणी करून पाहिले नाही. केबल काढून बघा एवढेच म्हणायचे होते मला, पण मीटिंगला आमच्यातल्या कुणाला बोलावले नव्हते.

दुसरे. आमची तिसरी पाळी रात्री चालते. १ एप्रिलच्या पहाटे दोनला काढलेल्या इन्व्हॉइसवर ३१ मार्च तारीख आली. सर्व्हर कुठल्या देशाच्या वेळेवर होता देव जाणे.

---

पिंपळपान | सोमवार, रात्री ११:५०

दादा, तुम्ही लिहिलेले एवढे मोलाचे आहे की मी ते जसेच्या तसे टेस्ट केसमध्ये घालणार आहे.

तारखेचा खुलासा करते. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळ) असणार. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तिथे ३१ मार्चचे संध्याकाळचे साडेसहा वाजले की आपल्याकडे १ एप्रिल सुरू होतो. इतर रात्री एका दिवसाची चूक होते आणि पचून जाते. त्या रात्री मात्र आर्थिक वर्षच बदलते. आयआरएन हा पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), दस्तऐवजाचा प्रकार, क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून बनतो. वर्ष चुकले की आयआरएनच वेगळा.

२१५० बद्दल: पोर्टलकडून 'आधीच आहे' असे उत्तर आले तर व्यवहार पूर्ण झालेला असू शकतो, हे सिस्टिमला कळले पाहिजे. इन्व्हॉइसच्या तपशिलावरून आयआरएन परत मागवायची एपीआय (एका सिस्टिमने दुसरीला विचारायची सोय) आहे. आधी ती वापरायची, तपशील आपल्याच इन्व्हॉइसशी जुळतो का पाहायचे, आणि मग क्यूआर छापायचा. म्हणून आम्ही प्रत्येक इंटरफेसला चार वाईट प्रसंग लावतो: उत्तर आलेच नाही, दोनदा आले, उशिरा आले, आणि उलट्या क्रमाने आले. शेवटचा सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. ऑर्डरमधला बदल ऑर्डरच्या आधी पोचला तर?

---

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ७:५५

अकाउंट्सच्या बाजूने लिहितो. तिसरी पाळी यांनी सांगितलेल्या प्रसंगाला आणखी एक शेपूट आहे. आयआरएन रद्द करायला २४ तास मिळतात. त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावे लागते. आणि रद्द झालेल्या इन्व्हॉइसचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. दुसऱ्या दिवशी आम्हाला कळते तेव्हा मुदत संपलेली असते आणि क्रेडिट नोटशिवाय (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) मार्ग राहत नाही. डिस्पॅचला ही पाच मिनिटांची सोय वाटते, आमच्याकडे तिची जुळवाजुळव महिनाअखेरीपर्यंत चालते.

आता यूएटीबद्दल, म्हणजे वापरणाऱ्यांनी करायच्या चाचणीबद्दल. यूएटी नेहमी प्रोजेक्टच्या शेवटी येते आणि प्रोजेक्टचा शेवट नेहमी महिनाअखेरीला असतो. मंथ-एंड, जीएसटीच्या विवरणपत्रांच्या तारखा (जीएसटीआर-१ची ११, ३बीची २०), यांच्या मध्ये आम्हाला स्क्रिप्ट दिली जाते: हे बटण दाबा, हा स्क्रीन येईल, सही करा. त्या स्क्रिप्टमध्ये आमचे काम कुठेच नसते. आमचे काम म्हणजे अपवाद. अर्धा माल परत आला, दर चुकला, ग्राहकाने दोन बिलांचे पैसे एकत्र पाठवले आणि त्यातून टीडीएस कापला, आगाऊ रक्कम जुन्या ऑर्डरवर होती.

२२ सप्टेंबर २०२५ आठवा. जीएसटी परिषदेची बैठक ३ सप्टेंबरला झाली आणि तीन आठवड्यांच्या आत दर बदलले. सुट्या भागांपैकी ज्यांवर २८ टक्के होते ते १८ वर आले. मास्टरमध्ये (सिस्टिममधली दरांची मूळ यादी) नवा दर टाकणे सोपे होते, ते सगळ्यांनी केले. पण २२ नंतर परत आलेला माल ऑगस्टच्या इन्व्हॉइसमधला असेल तर त्याची क्रेडिट नोट २८ नेच निघायला हवी. ईआरपीत ती बरोबर निघत होती, कारण ती मूळ इन्व्हॉइस बघते. आमच्या डीलर पोर्टलवर परताव्याची विनंती होते तिथे कर त्या दिवसाच्या मास्टरवरून काढला जात होता, म्हणजे १८ ने. दोन सिस्टिम, दोन रकमा, आणि मध्ये आम्ही.

हे आधी सापडू शकले असते का? नक्कीच. आमच्या विभागातल्या कुणालाही विचारले असते, 'दर बदलला तर तुम्हाला सगळ्यांत आधी कशाची काळजी वाटेल?', तर त्याने परतावाच सांगितला असता.

---

मुळामुठा | मंगळवार, दुपारी १:२०

मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

पिंपळपान, व्यवहारानुसार चाचणी हे तत्त्वतः मान्य. पण सगळ्या सिस्टिम एकत्र उभ्या असलेले टेस्ट एन्व्हायर्नमेंट मिळवणे हे स्वतंत्र प्रोजेक्टएवढे काम आहे. बँक तिचे यूएटी सर्व्हर आपल्या सोयीने चालू ठेवत नाही. ग्राहक त्याच्या पोर्टलची टेस्ट आवृत्ती देईलच असे नाही. एक सिस्टिम बंद असली की सगळ्यांची चाचणी थांबते आणि बिलिंग चालू राहते. शिवाय एवढ्या लांब साखळीत टेस्ट फेल झाली तर नेमके कुठे तुटले ते शोधण्यात दिवस जातो.

म्हणून आमचा भर कॉन्ट्रॅक्ट टेस्टिंगवर आहे. दोन सिस्टिममधला करार पॅक्टसारख्या टूलमध्ये लिहून ठेवायचा, प्रत्येक बिल्डला दोन्ही बाजूंनी तपासायचा. पलीकडची बाजू वायरमॉकने उभी करायची, म्हणजे खऱ्या सिस्टिमऐवजी तिची नक्कल (मॉक). मिनिटांत निकाल मिळतो. पूर्ण साखळीच्या चाचण्या हव्यात, पण मोजक्या. हे व्यवहार्य आहे.

---

पिंपळपान | मंगळवार, रात्री ८:३०

मुळामुठा, तुमच्याशी बरीचशी सहमत आहे. रकान्याचे नाव बदलले, तारखेचा साचा बदलला, सक्तीचा रकाना गायब झाला, हे पकडायला कॉन्ट्रॅक्ट टेस्टएवढे चांगले काही नाही, आणि ते पहिल्या दिवसापासून हवे. चार वाईट प्रसंगांपैकी 'उत्तर आलेच नाही' आणि 'उशिरा आले' हेही मॉकवर उत्तम तपासता येतात.

पण मॉक आपणच लिहितो. पलीकडची सिस्टिम कशी वागते याबद्दल आपली जी समजूत आहे, तीच तो आपल्याला परत ऐकवतो. ती समजूत चुकीची असेल तर टेस्ट आनंदाने पास होते. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पाउंड-फोर्स-सेकंदात दिले आणि ते वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने न्यूटन-सेकंद समजून वापरले. जवळपास साडेचार पटींचा फरक. फाइल जात होती, वाचली जात होती, आकडे आकड्यांसारखेच दिसत होते. रकाना तपासणाऱ्या चाचणीत हे सापडत नाही. खरा आकडा शेवटपर्यंत नेऊन बाहेरच्या एखाद्या मोजमापाशी ताडून पाहिला तरच सापडते.

---

दूधगंगा | मंगळवार, रात्री १०:०५

एककांवरून लिहावेसे वाटले. आमच्याकडे, कोल्हापूर भागात, दूध संस्थेतले संकलन यंत्र आणि संघाची सिस्टिम यांची जोडणी आहे. गावात दूध लिटरमध्ये मोजले जाते. संघाच्या दारात टँकर वजनकाट्यावर चढतो, तिथे किलो. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते. गुणाकार कुणी करायचा, संस्थेच्या सॉफ्टवेअरने की संघाच्या? दोघांनी केला तर तीन टक्के दूध वाढते, कुणीच नाही केला तर संस्थेच्या नावावर घट लागते. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) टक्क्यांत असतात, त्यामुळे गुणवत्तेचे आकडे बरोबर दिसतात आणि घोळ प्रमाणातच राहतो. लवकर लक्षात येत नाही.

आणि वीज. सकाळचे संकलन चालू असताना लाइट जाते, यंत्र बॅटरीवर नोंदी साठवते, नंतर सगळ्या एकदम पाठवते. पाठवताना पुन्हा रेंज गेली तर पहिल्यापासून. सभासदाच्या नावावर एकाच सकाळचे दूध दोनदा चढते. पिंपळपान ताईंचा 'दोनदा आले' हा प्रसंग आमच्याकडे पावसाळ्यात रोजचा. यावर आम्ही प्रत्येक नोंदीला संस्था, सभासद, तारीख, सत्र आणि नमुना क्रमांक मिळून एक किल्ली दिली. तीच किल्ली पुन्हा आली तर संघाची सिस्टिम मुकाट्याने 'मिळाले' म्हणते आणि दुसरी नोंद करत नाही.

तिसरा मुद्दा मराठी नावांचा. टेस्टिंगला सगळ्या नोंदी 'टेस्ट फार्मर १', 'टेस्ट फार्मर २' अशा इंग्रजी अक्षरांत होत्या. यूटीएफ-८ या अक्षरे साठवायच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. नुसता 'श्री' चार चिन्हांचा, म्हणजे १२ बाइट. ओरॅकल डेटाबेसमध्ये रकान्याची लांबी मूळ सेटिंगनुसार बाइटमध्ये मोजतात, तेव्हा ४० च्या रकान्यात जेमतेम १३ चिन्हे मावतात. शेतकऱ्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, आडनाव कसे बसणार? बँकेच्या फाइलमध्ये तुटलेली नावे गेली आणि दहा दिवसांचे बिल वेळेवर जमा झाले नाही. दहा दिवसांच्या बिलावर ज्यांचे घर चालते त्यांना हे सांगायला आमचा सचिव गेला, सॉफ्टवेअरवाले नाही.

---

टेम्सकाठी | बुधवार, पहाटे ३:१०

इथे लंडनमध्ये बँकिंगच्या आयटीत आहे. या विषयावरचे सगळ्यांत अभ्यासण्यासारखे प्रकरण माझ्या मते टीएसबी या ब्रिटिश बँकेचे, आणि त्याचा सविस्तर स्वतंत्र अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये आला.

टीएसबी ही पूर्वी लॉइड्स बँकेचा भाग होती. २०१५ मध्ये स्पेनच्या सबाडेल बँकेने ती घेतली, पण कामकाज लॉइड्सच्याच सिस्टिमवर चालू राहिले. त्यासाठी टीएसबीला लॉइड्सकडे पैसे भरावे लागत होते, म्हणून लवकर बाहेर पडायची घाई. सबाडेलच्या प्लॅटफॉर्मची ब्रिटिश आवृत्ती तयार झाली आणि एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी सुमारे ५२ लाख ग्राहक एकदम तिकडे हलवले. डेटा नीट पोचला. अडले ते त्यानंतर. लोक लॉगिन करू लागले आणि प्लॅटफॉर्म कोसळला. १९ लाखांपर्यंत लोकांना आपल्या खात्यापर्यंत पोचता येत नव्हते. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. ३ कोटी २७ लाख पाउंड भरपाई द्यावी लागली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये दोन नियामकांनी मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पाउंड दंड केला.

चाचणीच्या बाजूने त्यात दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. नव्या प्लॅटफॉर्मची दोन डेटा सेंटर एकाच वेळी काम करणार होती, पण भाराची चाचणी झाली ती एकावरच. दोन्हींच्या संरचनेत फरक होता, तो गो-लाइव्हनंतर समजला. म्हणजे चाचणी झाली, निकालही चांगले आले, पण ज्या रचनेची झाली ती रचना प्रत्यक्षात चालवायची नव्हती.

दुसरी वेळापत्रकाची. आधीची तारीख नोव्हेंबर २०१७ होती. ती हुकल्यावर नवी तारीख आधी ठरली आणि मग तिथून उलटे मोजत कामे बसवली गेली. एकामागून एक व्हायच्या चाचण्या एकमेकींवर चढल्या. मुळामुठा, तुमच्या पेशातल्या प्रत्येकाने हा भाग वाचावा असे मनापासून वाटते. एन्व्हायर्नमेंट मिळत नाही ही अडचण खरीच आहे, पण ती गो-लाइव्हच्या निर्णयासमोर मोठ्या अक्षरांत मांडली गेली पाहिजे: हे आम्ही तपासलेले नाही. बहुतेक स्टेटस रिपोर्टांत किती टेस्ट पास झाल्या ते असते, काय तपासलेच नाही ते नसते.

एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या माजी मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही वैयक्तिक ८१,६२० पाउंड दंड झाला. पुरवठादार तयार आहे की नाही याची खात्री नीट करून न घेतल्याबद्दल.

---

मुळामुठा | बुधवार, दुपारी १२:४५

टेम्सकाठी, 'काय तपासले नाही' ही यादी गो-लाइव्हच्या मीटिंगमध्ये ठेवायची कल्पना घेतो. आमच्याकडे एक्झिट क्रायटेरिया (चाचणी संपवायचे निकष) पास टक्केवारीचे असतात. ९५ टक्के झाले की पुढे. उरलेल्या पाच टक्क्यांत काय आहे हे कुणी विचारत नाही, आणि त्यातच परतावे आणि रद्द करणे असते, कारण ते सगळ्यांत अवघड म्हणून शेवटी ठेवलेले असते.

एक प्रश्न उरतो. क्लायंटला पूर्ण साखळीच्या चाचणीचा खर्च कसा पटवायचा? त्याला वाटते हे व्हेंडरचे काम, किमतीत धरलेले आहे.

---

हिशेबनीस | बुधवार, संध्याकाळी ६:३०

क्लायंट म्हणून सांगतो. टेस्ट केसची संख्या सांगू नका, आम्हाला तिचा अर्थ लागत नाही. मागच्या पूर्ण महिन्याचे खरे व्यवहार नव्या जोडणीतून चालवा आणि शेवटी आमच्या वहीशी ताळा दाखवा. विक्री, कर, येणे, स्टॉक, चार आकडे. जुळले नाहीत तर फरक कुठे आहे ते दाखवा. असा ताळा पाहिला की कुठलाही फायनान्स हेड पैशांना नाही म्हणणार नाही, कारण तो फरक नंतर आम्हालाच शोधावा लागणार असतो.

आणि महिना निवडताना मार्च घ्या. सगळे विचित्र प्रकार त्यात असतात.

---

नवी_पालवी | बुधवार, रात्री ९:२०

मी नुकतीच टेस्टिंगला लागले आहे, कॉलेजनंतरची पहिली नोकरी. मला पोस्टमन (एपीआय तपासायचे टूल) आणि थोडे ऑटोमेशन येते, पण धंद्याचे काहीच कळत नाही. व्यवहारानुसार केस लिहायची तर सुरुवात कुठून करू?

---

पिंपळपान | बुधवार, रात्री १०:१०

पालवी, डिस्पॅचच्या ऑफिसात एक पूर्ण पाळी बस. एका ऑर्डरचे सगळे कागद गोळा कर: शेड्यूल, पिक लिस्ट, इन्व्हॉइस, ई-वे बिल, ग्राहकाची पोच, पैसे आल्याची बँक नोंद. एकाखाली एक ठेव आणि प्रत्येक कागदावरची संख्या, रक्कम, तारीख नि क्रमांक कुठून आला ते पेन्सिलने लिही. जिथे उत्तर सापडत नाही तिथे तुझी पहिली टेस्ट केस आहे. मग तिथल्या माणसांना विचार, 'एक्सेलमध्ये तुम्ही वेगळे काय लिहून ठेवता?' अशी एक्सेल प्रत्येक विभागात असते. ती असण्याचे कारण म्हणजे दोन सिस्टिम कुठेतरी जुळत नाहीत.

---

तिसरी_पाळी | बुधवार, रात्री ११:३०

पालवी ताई, पाळी निवडायची तर दुसरी घ्या. दुपारनंतर गाड्या भरायची गर्दी असते, सगळे प्रकार बघायला मिळतील. सेफ्टी शूजशिवाय आत सोडत नाहीत, तेवढे आधी सांगून ठेवा.

---

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी ८:०५

अकाउंट्सकडून खरा डेटा मागाल तेव्हा ग्राहकांची नावे, बँक खाती आणि जीएसटीआयएन झाकूनच मागा, आम्हालाही तसा देणे सोपे जाते. पण झाकताना जीएसटीआयएनमध्ये कुठलीही १५ अक्षरे भरू नका. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, आणि बहुतेक वेळा त्यावरूनच राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागणार की परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी हे ठरते. शेवटचे अक्षर तपासणीचे असते, ते आधीच्या चौदांवरून काढावे लागते. आमच्याकडे मागे झाकलेला डेटा आला त्यात हे पाळले नव्हते. अर्ध्या नोंदी पडताळणीतच बाद झाल्या आणि उरलेल्यांवर सगळीकडे आयजीएसटी लागला.